पडद्यावरचे गुरुजी आणि वसतिगृहातील रात्र

गेल्या हिवाळ्यात एका शनिवारी रात्री, जेवणे आटोपल्यावर, प्रार्थनागृहाच्या भिंतीला पांढरी चादर ताणून बांधली आणि मुलांना ‘तारे जमीन पर’ दाखविला. अडीच-पावणेतीन तास मुले हलली नाहीत. धाकट्यांपैकी काही मध्येच एकमेकांच्या खांद्यावर झोपी गेली, ती निराळी. चित्रपट संपून दिवे लागले तेव्हा मोठ्या मुलांचे डोळे ओले होते, आणि खोटे कशाला सांगू, माझेही होते. चादर सोडीत असताना सहावीतील एक मुलगा जवळ आला आणि म्हणाला, “सर, त्या शाळेत स्वयंपाक कोण करतं?”

मी हसून वेळ मारून नेली. परंतु प्रश्न डोक्यातून जाईना. चित्रपटातील शाळा निवासी आहे. तेथे शेकडो मुले राहतात, जेवतात, झोपतात. पण त्यांना वाढणारे हात आपल्या लक्षात राहत नाहीत. स्मरणिकेच्या संपादक मंडळाने ‘शिक्षणविषयक एखाद्या विषयावर’ लिहिण्याचा आग्रह केला तेव्हा ठरविले, की त्या मुलाला त्या रात्री न दिलेले उत्तर येथे द्यावे.

‘तारे जमीन पर’ २००७ च्या डिसेंबरात प्रदर्शित झाला, त्या वेळी मी डी.एड. करीत होतो. शिक्षक व्हायचे ते राम शंकर निकुंभांसारखे, असे आमच्या वर्गातील निम्म्या जणांनी तेव्हा मनोमन ठरवून टाकले होते. त्यात निकुंभ हे आडनाव खानदेशाला परके नाही. त्यामुळे पडद्यावरचा तो चित्रकला-शिक्षक आम्हांला आपल्याच मुलखातला वाटे. ईशान अवस्थी या मुलाला अक्षरे नाचताना दिसतात, ती उलटीसुलटी होतात. घरचे त्याला आळशी ठरवितात आणि निवासी शाळेत धाडतात. तेथे हंगामी म्हणून आलेले निकुंभ सर त्याच्या वह्या चाळतात आणि त्यातील चुकांची जातकुळी ओळखतात. मुलाला वाचता येऊ लागते, चित्रस्पर्धेत तो पहिला येतो आणि सुटी लागते. चित्रपट उत्तम आहे, यात शंका नाही. अध्ययन-अक्षमता हा शब्द सामान्य पालकांच्या कानांपर्यंत नेण्याचे मोठे काम त्याने केले, आणि माझी तक्रार त्याबद्दल नाही.

त्या चित्रपटात निवासी शाळा ही शिक्षा आहे. शहरातील मध्यमवर्गीय घरांत ‘बोर्डिंगात टाकीन’ ही धमकी असते. आपल्याकडे, धडगाव-अक्कलकुव्याच्या पाड्यांतून जो बाप मुलाचे बोट धरून जूनच्या पावसात शाळेच्या फाटकापर्यंत येतो, तो मुलाला शिक्षा करण्यासाठी येत नाही. दिवाळीनंतर त्याला ऊसतोडीला गुजरातेत जायचे असते, पाड्यापासून शाळा लांब असते आणि येथे दोन वेळचे जेवण निश्चित असते. २०११ च्या जनगणनेत नंदुरबार जिल्ह्याची साक्षरता सुमारे ६४ टक्के, म्हणजे राज्यात सर्वांत कमी नोंदली गेली. त्या आकड्यामागे हे फाटक आणि हा बाप उभा आहे. तरीही एक गोष्ट कबूल केली पाहिजे. पहिल्या रात्रीचे रडणे पाचगणीत आणि सातपुड्याच्या पायथ्याशी सारखेच असते. ते कॅमेऱ्याने अचूक टिपले आहे. मात्र पडद्यावर ते एका गाण्यात आटोपते. येथे ते जुलैच्या मध्यापर्यंत चालते, आणि एक मूल थांबले की दुसरे सुरू होते.

आपल्या चित्रपटांना शिक्षक फार पूर्वीपासून प्रिय आहे. १९५४ च्या ‘जागृति’मध्ये अभि भट्टाचार्यांनी रंगविलेले शेखर हे वसतिगृहाचेच अधीक्षक होते. उनाड मुलांना छडीने नव्हे तर मायेने जिंकणारे आणि आगगाडीत बसवून देशाचा इतिहास-भूगोल शिकविणारे. मराठीत १९७२ साली व्ही. शांतारामांनी ‘पिंजरा’ काढला. त्यातील गुरुजी, म्हणजे डॉ. श्रीराम लागू, हे गावाच्या नीतीचे मूर्तिमंत रूप. ते एका नर्तकीपायी घसरतात तेव्हा सारे गावच घसरल्यासारखे वाटते. २००२ च्या ‘दहावी फ’मध्ये सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांनी अतुल कुलकर्णींच्या रूपाने देशमुख सर उभे केले. शाळेने ओवाळून टाकलेल्या तुकडीवर विश्वास ठेवणारा हा माणूस मला या सर्वांत अधिक खरा वाटतो, कारण तो मुलांना भाषण देऊन सोडून देत नाही, त्यांना कामाला लावतो. नागराज मंजुळे यांच्या ‘सैराट’मध्ये याची दुसरी बाजू आहे. तरुण प्राध्यापक लोखंडे भर वर्गात पुढाऱ्याच्या मुलाची थप्पड खातात आणि नंतर त्यांनाच त्या मुलाची ‘ओळख’ करून दिली जाते. शिक्षकाच्या जातीचा आणि अधिकाराचा एवढा नेमका हिशेब मराठी पडद्यावर क्वचितच मांडला गेला असेल. त्यांच्याच ‘फँड्री’त डुक्कर खांद्यावर टांगून नेणारे कुटुंब शाळेच्या भिंतीवरील महापुरुषांच्या चित्रांसमोरून जाते. तेथे शिक्षक नाही, फक्त भिंत आहे. आणि ती भिंत पाहून कोणत्याही शिक्षकाने मान खाली घालावी.

एवढे सगळे असूनही, पडद्यावरच्या आदर्श शिक्षकाचा साचा बहुधा ठरलेला राहिला आहे. तो बाहेरून येतो, आधीचे सर्व शिक्षक मूर्ख किंवा क्रूर असतात, त्याला एका मुलाचे किंवा एका तुकडीचे दुःख कळते, आणि काम झाले की चित्रपट संपतो. पुढच्या जूनमध्ये नवे चाळीस जण येणार आहेत, हे पटकथेला ठाऊक नसते. निवासी शाळेतील शिक्षकाला तेवढेच ठाऊक असते.

याचा अर्थ वास्तवात निकुंभ झाले नाहीत असे नाही. नंदुरबारहून भुसावळकडे जाणाऱ्या गाडीत बसले की दोंडाईचा, नरडाणा ओलांडून अमळनेर लागते. तेथील प्रताप हायस्कूलमध्ये साने गुरुजी १९२४ ते १९३० या काळात शिक्षक होते आणि तेथील छात्रालयाची जबाबदारीही त्यांच्याकडे होती. मुलांच्या खोल्या झाडणारे, त्यांचे कपडे धुऊन ठेवणारे, आजारी मुलाच्या उशाशी बसणारे, आणि याशिवाय मुलांसाठी ‘छात्रालय’ हे हस्तलिखित दैनिक रोज लिहून काढणारे शिक्षक! पुढे कायदेभंगाच्या चळवळीसाठी त्यांनी नोकरी सोडली, आणि १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात ‘श्यामची आई’ लिहिले. आचार्य अत्र्यांनी त्यावर १९५३ साली चित्रपट काढला. त्याला राष्ट्रपतींचे पहिले सुवर्णपदक मिळाले. अत्रे स्वतः पुण्यातील शाळेचे मुख्याध्यापक राहिलेले, मुलांच्या वाचनमाला करणारे. तरीही पडद्यावर आई अजरामर झाली आणि छात्रालय मागे पडले. २०२३ साली सुजय डहाके यांनी तीच कथा पुन्हा कृष्णधवल रंगांत आणली, त्यातही ओढ आईकडेच आहे. ते स्वाभाविक आहे, पुस्तकच आईचे आहे. पण माझ्यासारख्या वसतिगृहात राहणाऱ्या माणसाला वाटते, की पहाटे उठून दुसऱ्याच्या मुलांच्या खोल्या झाडण्याची ती सहा वर्षे कोणीतरी चित्रित करायला हवी होती. मग लक्षात येते, ती चित्रित करता येणार नाहीत. झाडूचे एक दृश्य दाखविता येते, सहा वर्षे दाखविता येत नाहीत.

आता स्वतःची एक गोष्ट सांगतो. ती या शाळेतील नव्हे, नोकरीच्या पहिल्या वर्षी मी दुसरीकडे होतो तेव्हाची. डोक्यात निकुंभ सर ताजे होते. पाचवीच्या वर्गात एक मुलगा होता; अंगाने किरकोळ, डोळे पिवळसर. थंडी सुरू झाली तशी त्याने पहाटेची अंघोळ चुकवायला सुरुवात केली. कवायतीला येईना. विचारले की गुडघ्याकडे बोट दाखवी. मी त्याच्या वह्या पाहिल्या, तेथे अक्षर नीट होते, गणिते बरोबर होती. म्हणजे माझ्या समजुतीप्रमाणे मुलात काही दोष नव्हता, होता तो आळस. एके दिवशी मी त्याला ओळीतून बाहेर काढून मैदानात एकटे उभे केले. अर्धा तास. मारले नाही, आणि न मारण्याचा मला त्या वेळी अभिमानही वाटला.

त्याला स्वयंपाकघरातील मावशींनी उचलून नेले. हा मुलगा रोज पहाटे चुलीजवळ येऊन बसतो, पाय धरून बसतो, त्याच्या पाड्यातील आणखी एका मुलाला असेच होत असे आणि ते मूल वारले, एवढे सगळे त्यांना ठाऊक होते. त्या मला म्हणाल्या, “सर, थंडीत याची हाडं दुखतात. नाटक नाही ते.” दुपारी त्याला ताप भरला. ग्रामीण रुग्णालयातून जिल्हा रुग्णालयात नेले, रक्त तपासले, सिकलसेल निघाला. तांबड्या पेशी विळ्याच्या आकाराच्या होतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात, आणि गारठा, कमी पाणी, अतिश्रम यांनी असह्य वेदना उठतात. आनुवंशिक आजार आहे, आणि आपल्या आदिवासी पट्ट्यात तो आढळतो हे मला पुस्तकी पातळीवर माहीत होते. परीक्षेत लिहून गुण मिळविले असते. समोर उभ्या असलेल्या मुलात तो मला दिसला नाही.

मुलगा वाचला. परंतु त्या दिवसापासून माझ्या मनातील चित्रपट बंद पडला. निकुंभ सरांनी वह्या पाहून ओळखले, म्हणून मीही वह्या पाहिल्या होत्या! मुलाचे दुःख वहीत नव्हते, ते चुलीजवळ होते. आणि चुलीजवळ जी व्यक्ती होती तिला शिक्षकवृंदाच्या बैठकीला कोणी बोलावीत नसे.

त्या मुलाचे आईवडील पुढच्या वर्षी त्याला ऊसतोडीला घेऊन गेले. होळीच्या सुमारास मंडळी परततात हे ठाऊक असल्याने मी त्यांच्या पाड्यावर गेलो. सातपुड्यात होळी म्हणजे वर्षाचा सण. काठीच्या होळीला तर दूरदूरची माणसे लोटतात, आणि त्या दिवसांत घरी गेलेले मूल वेळेवर परतले तर शिक्षकालाच नवल वाटते. वडिलांसमोर बोलण्यासाठी मी वाटेत वाक्ये जुळवीत होतो. शिक्षणाचे महत्त्व, भविष्य, वगैरे. त्यांनी सगळे ऐकून घेतले आणि एवढेच विचारले, की रात्री पोराला दुखले तर कोण बघेल? माझी वाक्ये तेथेच राहिली. मी म्हणालो, “मावशी बघतील. मला उठवतील.” त्यांनी मुलाची पिशवी बाहेर आणून ठेवली.

शिक्षकाचे चांगुलपण एकसंध असते ही पडद्याची समजूतही मला खटकते. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या बालपणावर आता मालिका आणि चित्रपट दोन्ही आहेत, आणि साताऱ्याच्या शाळेतील प्रसंग त्यांतून घरोघरी पोहोचले आहेत. बाबासाहेबांनी स्वतः लिहून ठेवले आहे, की वर्गात बसण्यासाठी त्यांना घरून गोणपाट न्यावे लागे, संध्याकाळी ते परत आणावे लागे, आणि शिपाई नसला तर पाणी मिळत नसे. त्याच शाळेच्या दिवसांत आपल्या डब्यातील भाजीभाकरी देणाऱ्या आंबेडकर गुरुजींची आठवणही ते कृतज्ञतेने काढीत. पडद्यावर हे दोन प्रसंग बहुधा दोन स्वतंत्र दृश्ये होतात, एक दुष्टांचे आणि एक सुष्टाचे. पण भाकरी देणारे गुरुजी आणि ते गोणपाट एकाच छपराखाली होते. गुरुजींच्या प्रेमाने गोणपाट उठले नाही. एका व्यक्तीची माया किती दूर पोहोचते आणि कोठे थांबते, हे ज्यांना रोज पाहावे लागते त्यांना ही आठवण पूर्ण सांगितली पाहिजे असे वाटते.

भाषेचेच पाहा. पडद्यावर गुरू आणि शिष्य यांची भाषा एकच असते. आपल्या पहिलीतील मूल पावरी, भिली किंवा मावची बोलत येते. शिक्षक मराठी बोलतो, कोणी घरात अहिराणी बोलणारा असतो. पहिले काही महिने वर्ग म्हणजे दोन्हीकडून चाललेली अंदाजबाजी असते. मी पावरी शिकलो ती व्याकरणाने नव्हे. पोट, डोके, भूक, भीती, घर यांचे शब्द आधी शिकावे लागले, कारण रात्री दोन वाजता दार वाजवणारे मूल तेच शब्द घेऊन येते. असा शिक्षक प्रभावी भाषण करूच शकत नाही, त्याच्याकडे तेवढे शब्दच नसतात.

आमच्या कामाची सर्वांत जवळची प्रतिमा मला एका विनोदी चित्रपटात सापडली, हे सांगताना थोडी गंमत वाटते. रमेश इंगळे उत्रादकर यांच्या कादंबरीवरून २००९ साली आलेला ‘निशाणी डावा अंगठा’. प्रौढ साक्षरतेच्या मोहिमेत गुंतलेले जिल्हा परिषदेचे शिक्षक, कागदावर भरलेले वर्ग, तपासणीच्या दिवसाची धावपळ. प्रेक्षक हसतात, शिक्षक हसतो, पण जरा उशिरा. रजिस्टर, माहितीचे तक्ते, ‘तातडीचे’ शिक्के, आता त्यांच्या जोडीला ऑनलाइन नोंदी आणि टेकडीवर जाऊन शोधावे लागणारे नेटवर्क. शिक्षकावरचे चित्रपट पाहून आलेले पाहुणे आम्हांला समर्पणाविषयी सांगतात तेव्हा मनात येते, की समर्पणाचे कौतुक करणे स्वस्त पडते. रिकामी पदे भरणे, मुलींच्या वसतिगृहाला अधीक्षिका देणे, रुग्णवाहिका वेळेत पोहोचेल असा रस्ता करणे, याला पैसा लागतो. एक निकुंभ पाठवून दिला की बाकीचे विसरता येते, ही सोय समाजाला पडद्याने करून दिली आहे. माझी तक्रार असेल तर ती एवढीच.

आणखी एक भर अलीकडे पडली आहे. पूर्वी पडदा सिनेमागृहात होता, आता तो शिक्षकाच्या खिशात आहे. मुलांसोबत नाचणारे, गाण्यातून पाढे शिकविणारे, निरोपाच्या दिवशी मुलांना मिठी मारून रडणारे गुरुजी लाखो लोक भ्रमणध्वनीवर पाहतात. त्यांत कितीतरी जण खरोखर गुणी आहेत. परंतु मी एका तरुण सहकाऱ्याला एकच मिठी तीनदा घ्यायला लावताना पाहिले आहे, कारण पहिल्या दोन वेळी उजेड बरोबर नव्हता. मूल तिसऱ्यांदा मिठी मारायला गेले तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर कंटाळा होता. घरून लांब असलेल्या मुलाचे रडू हे त्याच्याजवळचे फार थोडे स्वतःचे असे काही असते. ते त्याला न विचारता जगाला दाखवू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. कोणाला जुनाट वाटले तरी चालेल.

मुलांना चित्रपट दाखवणे मात्र थांबवू नये. पुढच्या महिन्यात ‘दहावी फ’ दाखविण्याचा विचार आहे. त्या सहावीतील मुलाला मी आता सांगितले आहे, की त्या शाळेतही स्वयंपाक कोणीतरी करीतच असणार, फक्त आपल्याला दाखविलेले नाही. त्यावर तो म्हणाला, “मग दाखवायला पाहिजे होतं ना.”

म्हणून संपादक मंडळाला एक विनंती. या स्मरणिकेत शिक्षकवृंदाचे समूह-छायाचित्र नेहमीप्रमाणे येईलच. त्या पानावर स्वयंपाकी, कामाठी, मदतनीस, अधीक्षिका आणि रात्रीचे चौकीदार यांनाही शिक्षकांच्या रांगेतच, नावांसह, उभे करावे. मागच्या पानावर ‘कर्मचारी’ म्हणून वेगळे नव्हे. आणि छायाचित्रकाराला सकाळी साडेदहाची वेळ देऊ नये. त्या वेळी डाळ चुलीवर असते, मावशी येणार नाहीत. दुपारी तीननंतर बोलवावे.